नकाराची ऐपत

टोमॅटोचे भाव कोसळले, रस्त्याच्या कडेला क्रेट ओतल्याचे व्हिडिओ फिरू लागले, की दरवर्षी तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, नुसते पिकवून आता भागणार नाही, शेतकऱ्याने उद्योजक व्हायला हवे. त्याने थेट विक्री करावी, ब्रँड काढावा, प्रक्रिया करावी, बाजाराचा अभ्यास करून पीक निवडावे. दुसरी बाजू म्हणते, हा उपदेश म्हणजे जखमेवर मीठ आहे. शेतकरी भोळा आहे, दलाल त्याला लुटतो, सरकारने भाव बांधून द्यावा. पहिल्यांच्या हाती यशोगाथा असतात, दुसऱ्यांच्या हाती तोट्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद. दोघांचाही पुरावा खरा असतो आणि दोघांचाही निष्कर्ष चुकतो. एक-दोन एकरांवर भाजीपाला करणारा शेतकरी उद्योजक आहेच. त्याच्याकडे नाही ती नाकारण्याची ऐपत: मिळेल तो भाव नाकारण्याची, उधारीवर गळ्यात पडलेले औषध नाकारण्याची, तोट्यातला तोडा, म्हणजे एका वेळची तोडणी, नाकारण्याची. ज्याला नाही म्हणणे परवडतच नाही, त्याला विक्रीकौशल्याचे कितीही वर्ग लावले तरी त्याच्या हाती फारसे काही पडत नाही.

आधी तो उद्योजक कसा, ते पाहू. ऊस लावणाऱ्याचा मोठा निर्णय वर्ष-दीड वर्षातून एकदा होतो. टोमॅटो लावणारा साधारण १३० ते १४० दिवस रोज काही ना काही ठरवत असतो. चार फुटांची सरी आणि दीड फुटावर रोप धरले तर एकरी सात हजारांवर रोपे लागतात. ती कोणत्या वाणाची घ्यायची हे ठरवताना त्याला दोन-तीन महिन्यांनंतरच्या बाजाराचा अंदाज बांधावा लागतो. माल परराज्यात जाणार असेल तर जाड सालीचे, टिकाऊ फळ हवे. जवळच्या बाजारात चवीचे गिऱ्हाईक असेल तर वाण वेगळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बांबू, तार आणि सुतळी उभी करायची, म्हणजे पहिले फळ दिसण्याआधीच मोठी रक्कम रानात घालून मोकळे व्हायचे. पाऊस लागून राहिला तर करप्याची फवारणी आज घ्यायची की उघडीप पाहायची? वीज रात्रपाळीची असेल तर ठिबक कोण चालवणार? फळ रंग फुटताच तोडायचे की लाल होऊ द्यायचे? गाडी नारायणगावला भरायची, पुण्याला की वाशीला? बियाणे-खते-औषधे उधारीवर, मजुरी रोख, विक्रीचा दर दुसऱ्याच्या तोंडून आणि माल चार दिवसांत खराब होणारा; या अटींवर धंदा मांडायला शहरातला किती जणांचा जीव धजावेल? म्हणून या माणसाला ‘जोखीम घ्यायला शिका’ असे सांगितलेले खटकते. जोखीम त्याने झेपेल त्यापेक्षा जास्तच घेतलेली असते.

आता त्याला नाही कुठे म्हणता येत नाही, ते बघा. पहिली जागा कृषी सेवा केंद्राची. पीककर्ज पिकानुसार ठरलेल्या रकमेने, हंगामाला एकदा मिळते. भाजीपाल्याचा खर्च मात्र आठवड्याच्या हप्त्याने येतो: आज तारेचे बंडल, परवा बुरशीनाशक, शनिवारी मजुरांचे पैसे. कर्जाची रक्कम लागवडीतच संपते आणि पुढचे सगळे दुकानदाराच्या वहीत चढते. रोगाचे निदान करणारा, औषध विकणारा आणि उधार देणारा माणूस एकच झाला, की शेतकऱ्याला ‘या दोन बाटल्यांची गरज आहे का?’ असे विचारण्याची सोय उरत नाही. बाकी थकलेली असताना तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही आणि सल्ला धुडकावूही शकत नाही. दुसरी जागा अडत्याची, म्हणजे बाजार समितीत शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्याची. त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली, की माल त्याच्याच गाळ्यावर लागतो. तिसरी जागा लिलावाची. गाडी रात्रीच भरून निघालेली असते, सकाळी दर पुकारला जातो, आणि पुकारलेला दर पटला नाही तर माल परत नेण्याचे भाडे अंगावर पडते. शिवाय घरी पोहोचेपर्यंत त्या मालाची एक प्रत उतरलेली असते. घेणाऱ्याला हे सगळे माहीत असते. सौदा ठरताना कोणाला थांबता येते यावर दर ठरतो, बोलण्याच्या चातुर्यावर त्यातला अगदी थोडा भाग अवलंबून असतो.

पहिल्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा इथे मान्य करायला हवा. एकाच शिवारात, एकाच पाण्यावर, एकच वाण लावलेल्या दोन शेतकऱ्यांच्या हाती येणाऱ्या पैशात मोठी तफावत असते. दोघांचा बाजार एक, अडत्या एक, पाऊस एक. मग फरक कौशल्याचा नाही तर कशाचा? कौशल्याचाच आहे. प्रश्न इतकाच, की ते कौशल्य कोणते? प्रशिक्षणाच्या पत्रकांवर ब्रँडिंग, पॅकेजिंग, सकारात्मक मानसिकता असे विषय छापलेले असतात. रानातली तफावत त्याहून कितीतरी साध्या आणि कितीतरी अवघड गोष्टींतून येते.

तोडा थांबवण्याचा निर्णय घ्या. समजा २० किलोच्या क्रेटला तोडणी २५ रुपये, निवड आणि भराई ५, गाडीभाडे २५, हमाली-तोलाई ५ रुपये पडते. आकडे गावोगाव वेगळे असतील, रीत तीच राहते. म्हणजे फळ झाडावरून निघून लिलावात उभे राहीपर्यंत क्रेटमागे ६० रुपये लागले. बाजारात ५० चा दर आहे. तोडायचे की सोडायचे? कागदावर उत्तर सोपे वाटते, क्रेटमागे १० रुपये तोटा, तेव्हा सोडा. पण पिकलेले फळ झाडावर राहिले तर झाडाची ताकद तिकडे जाते, पोखरलेली आणि सडकी फळे वाढतात, अळीला घर मिळते आणि पुढच्या तोड्याला निवडीची मजुरी वाढते. ऐंशी क्रेटच्या तोड्यात ८०० रुपयांचा तोटा झाला आणि अजून सहा-सात तोडे शिल्लक असतील, तर तो तोटा प्लॉट जिवंत ठेवण्याचा खर्च समजून सोसावा. शेवटचे दोनच तोडे उरले असतील तर सोडून द्यावे, तार-बांबू काढून घ्यावेत आणि रान पुढच्या पिकाला मोकळे करावे. लागवडीला घातलेले लाख-दीड लाख या हिशोबात येतच नाहीत, कारण तोडले तरी ते गेलेले आहेत आणि सोडले तरी गेलेले आहेत. ‘घातलेले तरी निघू दे’ म्हणून शेवटपर्यंत तोडत राहणारा घातलेल्यावर आणखी घालत असतो. दोन शेजाऱ्यांतला फरक बऱ्याचदा इथे पडतो. मात्र हा हिशोब पक्का कळणाराही कितीदा अडकतो! तोडा थांबवला तर मजुरांची टोळी दुसऱ्याकडे जाते आणि भाव सुधारल्यावर परत मिळत नाही; अडत्याची उचल फिटलेली नसते, त्याला माल हवा असतो. कौशल्य आहे, पण ते वापरण्याची मुभा नाही, अशी ही स्थिती आहे. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात नेमकी तीच गळते.

दुसरे कौशल्य पट्टी वाचण्याचे. अडत्याकडून येणाऱ्या पट्टीवर नग, वजन, दर, एकूण रक्कम आणि खाली कपात असते: हमाली, तोलाई, गाडीभाडे, उचलीपोटी वळते केलेले पैसे. बहुतेक घरांत शेवटचा निव्वळ आकडा लक्षात राहतो आणि पट्टी खुंटीला जाते. त्यामुळे दोन बाजारांची तुलनाच होत नाही. लांबच्या बाजारात क्रेटला ३० रुपये जास्त मिळाले म्हणून गाडी तिकडे वळते, पण भाडे २५ ने वाढलेले असते आणि वाटेत दबलेल्या मालापोटी वजनातून होणारी कपात, म्हणजे कडता, वेगळा. तुलना करायची तर उचल बाजूला काढावी, कारण ती कर्जफेड आहे, विक्रीचा खर्च नव्हे. उरलेल्या रकमेतून शेतावरचा खर्च वजा करून दर क्रेटला निव्वळ काय राहिले ते तोड्यागणिक लिहावे. भराई केलेले वजन आणि पट्टीवरचे वजन शेजारी शेजारी लिहिले, की तूट कुठल्या गाळ्यावर जास्त येते तेही महिन्याभरात दिसते. यासाठी संगणक लागत नाही, शाळेची वही पुरते. ही वही हातात असलेल्या शेतकऱ्याशी अडत्या वेगळे बोलतो, हे बाजारात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

आता थेट विक्री. महाराष्ट्रात संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले आणि ते चांगलेच झाले; ग्राहकाला ताजा माल आणि शेतकऱ्याला रोख पैसे मिळतात. पण यातून लहान भाजीपाला उत्पादकाचा प्रश्न सुटतो, असे म्हणणाऱ्यांनी एकदा वजनाचा हिशोब मांडावा. बाजाराच्या एका ओट्यावर दिवसभरात सगळ्या भाज्या मिळून दीडशे-दोनशे किलो गेल्या तरी दिवस चांगला गेला म्हणायचा. टोमॅटोच्या एका एकराचा भराचा एक तोडा दीड-दोन टनांचा असतो. ग्राहकाला पिशवीत आठ-दहा भाज्या हव्या असतात, शेतकऱ्याच्या रानात दोन असतात. मग उरलेल्या तो मार्केटमधूनच विकत आणतो आणि हळूहळू शेतकऱ्याचा किरकोळ विक्रेता होतो. त्यात वाईट काही नाही, पण तो वेगळा धंदा आहे, त्याला वेगळी माणसे लागतात. वीस गुंठे भेंडी असेल तर दिवसाआड तोडावीच लागते. घरातली दोन माणसे बाजारात गेल्यामुळे तोडा एक दिवस लांबला तर भेंडी जून होते, तिला धागा सुटतो आणि ती दुसऱ्या प्रतीत जाते. आठवडे बाजारात किलोमागे जे जास्त मिळाले, त्यातला काही भाग असा रानातच परत जातो. माल थोडा, भाज्या वेगवेगळ्या, घरात माणसे भरपूर आणि शहर तासाभराच्या अंतरावर असेल, तिथे थेट विक्री उत्तमच. हे सगळे जुळून येणारी घरे किती?

प्रक्रियेचा सल्ला तर भाव पडल्यावरच दिला जातो, आणि तो तेव्हाच सर्वांत निरुपयोगी असतो. ताज्या टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असते. सुमारे २८ ब्रिक्सची, म्हणजे २८ टक्के विरघळलेल्या घन पदार्थाची, एक किलो पेस्ट करायला साधारण सहा किलो टोमॅटो लागतात. लांबच्या वाहतुकीसाठी निवडलेल्या जाड सालीच्या वाणांत घन पदार्थ कमी निघाला, तर आणखी जास्त. प्रक्रिया कारखान्याला त्याच्या कामाचा वाण, ठरलेला रंग आणि वर्षातले अनेक महिने चालणारा पुरवठा लागतो. भाव पडलेल्या पंधरा दिवसांवर कारखाना उभा राहत नाही. सौर वाळवणी यंत्राचे फोटो छान दिसतात, पण शंभर किलो क्षमतेच्या यंत्रात पाच क्रेट बसतात. शेतकऱ्याच्या दारात ऐंशी क्रेट उभे असतात. शीतगृहाचेही तसेच. टोमॅटो १० अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ राहिला तर त्याला थंडीची इजा होते, रंग आणि चव जाते; पालेभाज्यांना शून्याजवळचे तापमान आणि भरपूर आर्द्रता लागते; भेंडीला ७ ते १० अंश. पिकणाऱ्या टोमॅटोतून निघणाऱ्या इथिलीनने शेजारी ठेवलेली काकडी पिवळी पडते. एकाच खोलीत सगळी भाजी कोंबून महिनाभर थांबता येईल, हा समज कांदा-बटाट्यावरून आला आहे. भाजीच्या बाबतीत थंडाव्याने काही दिवस मिळतात. ते काही दिवसही मोलाचे आहेत, कारण एका पडलेल्या बाजाराला वळसा घालता येतो. म्हणून गावपातळीवर माल गोळा होतो तिथे लहान शीतखोली हवी. जिल्ह्याच्या ठिकाणचे मोठे शीतगृह या शेतकऱ्याच्या कामाचे नाही.

शेतकऱ्याच्या स्वभावात दोष शोधण्याची सवय जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सुरुवात होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, कर्जरोखे जाळले गेले. त्या काळच्या शहाण्या वर्तुळांतले ठरलेले उत्तर असे होते, की कुणबी लग्नकार्यात उधळपट्टी करतो आणि म्हणून कर्जात बुडतो. चौकशीला नेमलेल्या आयोगानेच लिहून ठेवले, की लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. खरी कारणे बाहेर होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात इथल्या कापसाला तेजी आली, पतपुरवठा सैल झाला. मग भाव कोसळले, सारा मात्र रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचाच होता. पीक निघाल्या निघाल्या विकण्याशिवाय गत्यंतर नव्हते. उधळपट्टीच्या जागी आज ‘उद्योजकतेचा अभाव’ हा शब्द बसवला, की वाद ओळखीचा वाटू लागतो.

पण त्याच इतिहासात दुसऱ्या बाजूसाठीही धडा आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. सावकारांनी काय केले? कर्ज देताना हात आखडला, आणि दिले तिथे गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. सावकाराला वेसण घातली, पण त्याची जागा घेणारा पतपुरवठा उभा केला नाही; सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडले. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. पाऊल योग्य दिशेचे होते. पण ज्याच्या डोक्यावर त्याच गाळ्याची उचल आहे, तो बाजार समितीबाहेर विकण्याचे स्वातंत्र्य कसे वापरणार? कायद्याने दार उघडले आणि उधारीने पाय धरून ठेवले.

अडत्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. तो रात्री तीन वाजता गाळा उघडतो, पाच क्रेट आणा की दोनशे, सगळे घेतो, खरेदीदाराने पैसे बुडवले तरी बहुधा शेतकऱ्याची पट्टी करतो, आणि मुलीच्या लग्नाला किंवा विहिरीच्या मोटारीला कागदपत्रांशिवाय पैसे देतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासनिबंधात ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे दिला आहे. उरलेले सगळे पैसे दलाल गिळतो, असा अर्थ काढणे चूक आहे. त्यात वाहतूक, घाऊक खरेदीदार, किरकोळ विक्रेत्याची मजुरी आणि त्याच्या हातगाडीवर सडलेला मालही आहे. अडत्याला हटवण्याच्या घोषणा करणाऱ्यांनी आधी सांगावे, की तो देतो त्या तीन गोष्टी, म्हणजे रोज कितीही माल घेणे, लगेच पैसे देणे आणि अडीअडचणीला उचल देणे, यांतली कोणती गोष्ट ते देणार आहेत?

इथे शेतकरी उत्पादक कंपन्यांचे नाव पुढे येते. आणि ते यावेच, कारण एकट्याने नाही म्हणता येत नाही ते तीनशे जणांना म्हणता येते. सहकारात महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे. १९५० मध्ये प्रवरेचा कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वामुळे, पण उसाच्या स्वभावामुळेही. ऊस वजनकाट्यावर मोजला जातो, सगळ्यांचा एकत्र गाळला जातो आणि कारखान्याखेरीज त्याला गिऱ्हाईक थोडे. दुधाचेही तसेच, स्निग्धांश जागेवर तपासला, की शंभर घरचे दूध एका कॅनमध्ये ओतता येते. भाजी अशी मिसळता येत नाही. एका सभासदाची दबलेली चार फळे सगळ्या क्रेटचा दर पाडतात आणि प्रत ठरते ती नजरेने, म्हणजे भांडणाला जागा ठेवून. शिवाय बाजारात दर चढला, की सभासद चांगला माल बाहेर विकतो आणि दुय्यम माल कंपनीला घालतो. याला बेइमानी म्हणणे सोपे आहे. पण कंपनी आठ दिवसांनी पैसे देणार आणि बाहेरचा आज देणार असेल, तर शनिवारी मजुरी चुकवायची असलेल्या माणसाने काय करावे?

केंद्राच्या २०२० च्या योजनेत दहा हजार कंपन्या उभारायचे ठरले: सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद, तीन वर्षांत व्यवस्थापनासाठी १८ लाखांपर्यंत मदत, सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि एकूण १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान. आता एक साधा गुणाकार करा. कंपनीने रोज पाच टन भाजी १५ रुपये किलोने घेतली तर दिवसाचे ७५,००० रुपये झाले. सभासदाला लगेच पैसे दिले आणि मोठ्या खरेदीदाराने ३० दिवसांनी दिले, तर मधल्या काळात साडेबावीस लाख रुपये अडकले. व्यवस्थापनाची १८ लाखांची मदत पगार, भाडे आणि लेखापरीक्षणात जाते, ती खेळत्या भांडवलाला लागत नाही. तीनशे सभासदांच्या कंपनीत समभागाचे पैसे आणि त्यावरचे अनुदान पूर्ण उभे राहिले तरी कमी पडतात. पतहमीची सोय योजनेत आहे, पण बँक दोन-तीन वर्षांचे ताळेबंद मागते, आणि नव्या कंपनीला पैसे लागतात ते पहिल्याच हंगामात. अनेक कंपन्या कागदावर राहतात किंवा खते-बियाण्यांचे दुकान होऊन बसतात, ते इथे. संचालकांना पुन्हा नेतृत्वविकासाच्या शिबिराला पाठवून हे साडेबावीस लाख उभे राहणार आहेत का? दिंडोरीजवळच्या मोहाडीत विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सचा दाखला नेहमी दिला जातो. तो अभिमानाचाच आहे. पण सह्याद्रीची सुरुवात द्राक्ष निर्यातीपासून झाली. त्या पिकात प्लॉटची नोंदणी, अवशेष तपासणी आणि आकाराची प्रतवारी आधीपासून बसलेली होती, एकरी पैसाही मोठा होता. टोमॅटो आणि बाकीचा पसारा त्या पायावर चढला. पाच गुंठे मेथीवाल्यांच्या कंपनीने पहिल्या वर्षी तेच करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिला आधी दोनच गोष्टी हव्यात: पहिल्या हंगामापासून विक्रीच्या बिलावर मिळणारे खेळते भांडवल, आणि संकलन केंद्रावर सगळ्यांच्या देखत आकाराच्या चकतीने आणि काट्याने होणारी प्रतवारी, जिथे प्रत्येक प्रतीचा वेगळा दर फळ्यावर लिहिलेला असेल.

प्रशिक्षण नको, असे यातून निघत नाही. प्रशिक्षण हवे, पण येताना गेल्या हंगामाच्या पट्ट्या घेऊन या असे सांगणारे. पहिला दिवस त्या पट्ट्यांवर जावा. दुसरा वीस गुंठे मेथी एकदम न पेरता पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे आठ-आठ दिवसांच्या अंतराने कसे पेरायचे यावर, म्हणजे एका दिवसाच्या पडलेल्या दरात सगळे पीक सापडत नाही. तिसरा फवारणी आणि काढणी यांत लेबलवर दिलेले दिवस पाळून तोड्यांचे वेळापत्रक कसे बसवायचे यावर, कारण दिवसाआड तुटणाऱ्या भेंडीत हे सर्वांत अवघड जाते. आणि वर्ग घेताना तो कोणासाठी आहे ते पाहावे. कोथिंबिरीची जुडी किती हाताची बांधायची, शेकड्याला दर किती आला तर पेंढ्या घरी ठेवून आठवडी बाजारात बसायचे, हे ठरवणारी बहुतेक घरांत बाई असते. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत, म्हणजे जमीन कसणाऱ्या खातेदारांत, बायका सुमारे १४ टक्केच होत्या, आणि प्रशिक्षणाची निमंत्रणे, कर्जाची खाती, कंपनीचे समभाग सातबारावरच्या नावाच्या मागे जातात. १९८९-९० मध्ये शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेत गावोगाव बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचे काम झाले. ते पुढे नेण्याऐवजी आपण महिलांसाठी लोणच्याच्या पाककृतींचे वर्ग भरवत राहिलो. वाट्याने रान करणाऱ्याचे तर नाव कुठेच नसते. करार तोंडी असल्यामुळे त्याला पीककर्ज नाही, विमा नाही, भरपाई नाही. तो पहिल्या दिवसापासून दुकानदाराच्या वहीवर असतो.

सर्वांत स्वस्त नकार लावणीआधीचा असतो आणि त्याच्यासाठी लागणारी माहिती आज कोणीच देत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात शंभरीच्या पुढे गेला. तो दर पाहून लावलेली रोपे दोन-सव्वादोन महिन्यांत फळाला आली आणि सप्टेंबरमध्ये तोच माल मातीमोल झाला. ज्यांनी लावले त्यांना बाजाराचा अभ्यास नव्हता, असे म्हटले गेले. त्यांनी अभ्यास कशाचा करायचा होता? ॲपवर दिसतो तो आजचा दर, आणि आजचा दर पाहूनच तर सगळ्यांनी लावले. कळायला हवे होते ते हे, की त्या आठवड्यात आपल्यासारख्या इतरांनी किती लावले. ही माहिती अस्तित्वात असते. आता बहुतेक टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, फ्लॉवर रोपवाटिकेतल्या ट्रेमधूनच रानात जातो, आणि कोणत्या तालुक्यात कोणत्या पिकाची किती रोपे गेली हे रोपवाटिकेच्या बिलबुकात लिहिलेले असते, माल बाजारात येण्याच्या दोन महिने आधी. रोपवाटिकांनी दर सोमवारी पीक आणि रोपांची संख्या एवढेच कळवावे, गिऱ्हाइकांची नावे नकोत, आणि कृषी विभागाने ते आकडे तालुकावार, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशेजारी ठेवून जाहीर करावेत. यावर आक्षेप येईल, की आकडा पाहून सगळ्यांनीच लावणे टाळले तर उलट टंचाई होईल. एकदाच वर्षाला आकडा दिला तर तसे होऊ शकते. दर आठवड्याला दिला तर मागे राहिलेली लावणी पुढच्याच आठवड्याच्या आकड्यात दिसते आणि कोणीतरी लावायला पुढे येतो. रोपवाटिकाचालकांना धंद्याची माहिती उघडी पडण्याची भीती वाटेल, म्हणून एकेका रोपवाटिकेचा आकडा कधीच बाहेर काढू नये, तालुक्याची बेरीजच द्यावी. सुरुवात जुन्नर, आंबेगाव, दिंडोरी, निफाड अशा चार-पाच तालुक्यांतून एका पिकासाठी करता येईल. त्याला नवे अनुदान लागत नाही, कायदाही लागत नाही, सहायक कृषी अधिकाऱ्याचे आठवड्यातले काही तास लागतात.